बदाम, अक्रोड आणि बी-१२

परवा बायकोचा रक्ताचा रिपोर्ट आला. चौथा महिना चालू आहे. हिमोग्लोबिन ठीक, शुगर ठीक, बी-१२ मात्र रेंजच्या बरंच खाली. डॉक्टरांनी औषध लिहून दिलं आणि विषय संपवला. आमच्या घरी तो तिथून सुरू झाला.

आई म्हणाली, "रोज चार बदाम भिजवून दे तिला, मूल हुशार होतं." मावशीचा फोन, अक्रोड दे, तो मेंदूसारखा दिसतो ना, म्हणून मेंदूला चांगला. (हे लॉजिक लावलं तर फ्लॉवर पण चालायला हवा!)

मी नेहमीप्रमाणे रविवारी वाचत बसलो. बदामात काय नि अक्रोडात काय, बी-१२ नसतंच. वनस्पती ते तयारच करत नाहीत. दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतूनच ते मिळतं. मज्जातंतूंवर मायलिनचं आवरण असतं, वायरवरच्या इन्सुलेशनसारखं. ते नीट बनायला आणि टिकायला बी-१२ लागतं.

आणि यावरचं महत्त्वाचं काम चक्क आमच्या पुण्यातलं निघालं. केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या टीमने १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा आहार आणि रक्त तपासायला सुरुवात केली, आणि पुढे त्यांच्या मुलांचाही माग ठेवला. निम्म्याहून जास्त बायकांचं बी-१२ कमी होतं. मुलं नऊ वर्षांची झाल्यावर त्यांतल्या काहींच्या चाचण्या घेतल्या. २००८ मध्ये निकाल छापून आला: ज्यांच्या आयांचं बी-१२ सगळ्यात कमी, ती मुलं एकाग्रतेच्या आणि आकडे उलट्या क्रमाने म्हणून दाखवायच्या चाचणीत मागे. बुद्धीच्या बाकी चाचण्यांत मात्र फरक नाही. म्हैसूरच्या अशाच एका अभ्यासात बी-१२ चा असा ठोस संबंध दिसलाच नाही, तिथे फोलेटचा दिसला. थोडक्यात, घाबरण्यासारखं नाही, पण सोडून देण्यासारखंही नाही.

हे सगळं मी बायकोला उत्साहाने वाचून दाखवलं, एखादा बग सापडल्यासारखं. ती गप्प. मग म्हणाली, "म्हणजे माझ्यामुळे बाळाचं काही कमी पडणार?"

च्यायला. काय उत्तर देणार?

कारण लग्नाआधी ती मस्त ऑम्लेट खायची. आमच्या घरात अंडं चालत नाही म्हणून तिने सोडलं. आणि मी? मी दर शुक्रवारी ऑफिसखालच्या गाडीवर बिनदिक्कत भुर्जी-पाव हाणतो. घरातलं एक लिटर दूध सगळ्यांच्या चहात आणि माझ्या दह्यात संपतं, ती सकाळी नुसता चहा घेऊन बस पकडते. रिपोर्टवर नाव तिचं, पण तो आमच्या सगळ्या स्वयंपाकघराचा होता.

रात्री आईला सांगितलं. भुर्जीचंही सांगून टाकलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग एवढंच म्हणाली, "तवा वेगळा आण. आणि करायचं तूच."

नुसत्या अंड्याने भागणार नाही, औषध चालूच राहील. पण काल तवा आणला. पहिलं ऑम्लेट करपलं. बायकोने तरी खाल्लं.