पणावर लावलेले रान

आमच्या घरात पत्त्यांचा कॅट ठेवत नाहीत. थोरल्या चुलत्यांनी एका पोळ्याच्या रात्री बोरीत तिर्रटच्या डावात तीन एकर रान घालवले, तेव्हापासूनची ही रीत. त्यामुळे पणजी आणि गंगटोक ह्या दोन्ही ठिकाणचे कॅसिनो मी पाहिले ते काहीशा अपराधी कुतूहलानेच.

पणजीला गेलो तो महाविद्यालयातल्या सहकाऱ्यांबरोबर. गोव्याने 1990 च्या दशकात जुगारविषयक कायद्यात दुरुस्त्या करून पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरच्या आणि जहाजांवर टेबलांवरच्या खेळांना वाट करून दिली. कायद्यातील जहाजे किनाऱ्यापासून दूरची. प्रत्यक्षात ती उभी आहेत मांडवीच्या पात्रात, शहराच्या डोळ्यांसमोर. धक्क्यावरून छोट्या बोटीत बसायचे, पाच-दहा मिनिटांत जहाज. दिवे, गाणी, जेवणाची रेलचेल. जत्रेत शिरल्यासारखे वाटते. दोन हजार रुपयांच्या सोंगट्या अर्ध्या तासात संपल्या. हातातून नोट जात नाही, प्लास्टिकची चकती जाते. म्हणून दुखत नाही. परतल्यावर घरी मी हे सांगितले नाही.

गंगटोकला पुढे कुटुंबासह गेलो. सिक्कीमने 2002 मध्ये कॅसिनोंसाठी स्वतंत्र कायदा केला. तिथे नदी नाही, जत्रा नाही. हॉटेलातलेच एक दालन, पायाखाली जाड गालिचा, हलक्या आवाजातले बोलणे. बाहेर ढग सरले तर कांचनगंगा दिसते. आत मात्र वेळच कळत नाही. सहलीपुरते विचाराल तर गोंगाट हवा असणाऱ्याने पणजीला जावे, निवांतपणा हवा असणाऱ्याने गंगटोकला. पण ह्या तुलनेला मला पुढे नेले ते पत्नीच्या एका प्रश्नाने. स्थानिकांना खेळायला मनाई आहे हे ऐकून ती म्हणाली, "मग आपल्याला का सोडतात हो?"

गोव्यानेही 1 फेब्रुवारी 2020 पासून गोमंतकीयांना खेळाच्या दालनात मज्जाव केला. म्हणजे दोन्ही राज्यांना पुरते ठाऊक आहे की ह्या खेळाने घर बसते. आपल्या माणसाच्या मागे असलेले घर त्यांना दिसते. पाहुण्याच्या मागचे दिसत नाही. महाराष्ट्राचे तर आणखी निराळे. 1976 मध्ये कॅसिनोचा कायदा केला, तो कधी अमलातच आणला नाही आणि 2023 मध्ये रद्द केला. त्यामुळे आपण सदैव पाहुणेच.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अक्षसूक्त वर्गात शिकवताना मी नेहमी जुगाऱ्याच्या पश्चात्तापावर भर देत असे. आता त्यातली सासू, पत्नी आणि आई अधिक दिसतात. आणि शेवटी त्याला शेतीकडे वळवणारा उपदेशही. द्यूतसभेत द्रौपदीने विचारलेला प्रश्नही अखेर हाच होता: जे पणाला लावले, ते लावण्याचा अधिकार होता का? माझ्या आजीने महाभारत वाचले नव्हते. पण चुलते पहाटे घरी आले तेव्हा तिने एवढेच विचारले होते, "रान तुझ्या एकट्याचं होतं का रे?"

बोरीच्या त्या डावात बसलेल्या प्रत्येकाला कोणाचे रान, कोणाची लेकरे हे माहीत होते. तरी कोणी हात धरला नाही. मांडवीवर तर ओळखणारेच कोणी नसते. म्हणूनच तिथे हरणे इतके सोपे, इतके सुखाचे वाटते.

गंगटोकच्या त्या रात्री मी पत्नीला पणजीचे दोन हजार सांगितले. रक्कम फार नव्हती. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "तेव्हाच सांगायचं होतं."

गावी गेलो की त्या तीन एकरांच्या बांधावरूनच जावे लागते. तिथली तूर दरवर्षी चांगली येते.