फ्लेचरमामा

आप्पा गेल्यानंतर आईची झोप उडाली. रात्री तिच्या खोलीत बसून मी संगणकावर जुनी अमेरिकन नभोनाट्ये ऐकत असे. निमित्त अभ्यासाचे, खरे म्हणजे घरातली शांतता सोसवत नव्हती. त्यातच ‘व्हिक अँड सेड’ हाती लागले.

पॉल ऱ्हायमर या लेखकाने १९३२ पासून वर्षानुवर्षे ही पंधरा मिनिटांची मालिका एकहाती लिहिली. इलिनॉयमधले एक लहान गाव; कारखान्यात हिशेब ठेवणारा व्हिक, त्याची बायको सेड, दत्तक मुलगा रश. प्रसारण शिकागोहून होई. समोर प्रेक्षक नाहीत, त्यामुळे हशाही नाही. त्याच काळातल्या ‘फिबर मॅगी अँड मॉली’त कपाट उघडले की सामान धडाधड कोसळे आणि सभागृह खदखदे. येथे काहीच कोसळत नाही. तिघे शेजाऱ्यापाजाऱ्यांविषयी बोलतात, आणि ज्यांचा आवाज कधीच ऐकू येत नाही अशा माणसांनी घर भरून जाते. कथानकाचा इतका निर्धास्त त्याग मला अन्यत्र क्वचितच आढळला आहे.

१९४० मध्ये व्हिकचे काम करणारे आर्ट व्हॅन हार्वी आजारी पडले, तेव्हा तोवर केवळ बोलण्यात असलेले अंकल फ्लेचर प्रत्यक्ष घरात आले. आईचे इंग्रजी मॅट्रिकपुरते. पण ‘पुन्हा प्रपंच’वर पोसलेला तिचा कान तयार होता. अंकलना तिने पहिल्याच रात्री मामा करून टाकले. काका पुतणीच्या सासरी असा ऊठसूट येत नाही, हा तिचा युक्तिवाद. (भाषांतरकारांनी विचार करावा.)

या मामांना ऐकू कमी येते आणि त्यांच्याजवळ ओळखीच्या माणसांच्या कथा अगणित. अमका तमक्या गावी गेला, काहीतरी विचित्र धंदा केला, लग्न केले, पुढे मेला. मरण तेथे पूर्णविरामासारखे येते. मामांचा स्वर तसूभरही हलत नाही. एका रात्री असाच कोणी मेला आणि आई हसली. कित्येक महिन्यांनी. मग म्हणाली, “तुझे आप्पा अगदी अस्सेच सांगायचे.”

साडेतीन हजारांहून अधिक भागांपैकी जेमतेम दहावा हिस्सा आज ऐकता येतो. बहुतेक तबकड्या नष्ट करण्यात आल्या. पूर्वी हे वाचून संशोधकाची हळहळ वाटली होती. आता तसे म्हणवत नाही. आप्पांचा आवाज आमच्याकडे एकाच ठिकाणी आहे: एका लग्नाच्या चित्रफितीत ते मागे उभे राहून कोणाला तरी जेवायला बोलावतात. कोणाला, हे बँडमुळे कळत नाही.

रशचे काम करणारा बिल आयडेलसन पुढे महायुद्धात नौदलात गेला, हे मी आईला सांगितले. “परत आला ना?” तिने विचारले. आला, म्हटले. “मग मामांचा लाव.”