निरगाठ

नव्या कापडाची झोळी कुणी करत नाही. आमच्या नंदुरबार जिल्ह्यात वर धडगाव-मोलगीच्या पाड्यातली बाई असो की खाली तापीकाठच्या शहादा-तळोद्याची, बाळासाठी ती जुनंच लुगडं काढते, आणि तेही सुती. नवं कापड ताठ असतं. गाठ धरत नाही, बाळाच्या मानेला काचतं. फार जुनं झालेलंही चालत नाही. म्हणून आमच्याकडच्या म्हाताऱ्या ते उन्हाकडे धरून बघतात, कुठं विरलंय, कुठं धागा सरकलाय. दोन्ही हातांनी ताणून कानाजवळ नेणारीही एक पाहिली आहे. फाटायच्या आधी कापड बोलतं, असं तिचं म्हणणं. ती ज्या गांभीर्यानं ऐकत होती, ते बघून मला हसू आलं नाही.

गाठ निरगाठच हवी. सुरगाठ एका ओढीत सुटते, आणि बाळाच्या मुठीत ती ओढ असतेच. खांद्यावरची गाठ थोडी पुढं, गळपट्टीच्या हाडाखाली घेतली की मान आखडत नाही. मूल कडेवर बसलं की पाय फाकलेले, गुडघे कमरेच्या थोडे वर, पाठीला कापडाचा ताण. नाक उघडं, हनुवटी छातीला टेकलेली नाही. चुलीपुढं बसायचं तर मूल पाठीवर. पोटाशी बांधून भाकरी थापायच्या नाहीत. शहरात विकत मिळणाऱ्या झोळ्यांबरोबर हेच सारं चित्रं काढलेल्या कागदावर छापून येतं. इथं ते नव्या आईच्या खांद्यावर चापट मारून शिकवलं जातं.

टांगायच्या झोळीची तऱ्हा वेगळी. घरात आढ्याला, शेतात मोहाच्या किंवा आंब्याच्या फांदीला. कापडाच्या दोन्ही कडा मिटून तोंड झाकलं जाऊ नये म्हणून मध्ये आडवी काठी. दोर ज्या ठिकाणी लाकडावर घासतो तिथं चिंधी गुंडाळायची आणि ती चिंधी अधूनमधून बघायची, कारण दोर तिथूनच झिजतो. जमिनीपासून उंच टांगली की मुंग्या, विंचू, कुत्रं यांच्यापासून सुटका होते. फार उंच मात्र नको. पडलं तर काय, हा विचार बांधतानाच करायचा. रिकामी झोळी हलवू नये, बाळाचं पोट दुखतं, असं सांगतात. पोटाचं मला ठाऊक नाही, पण उगाच झोके घेणाऱ्या मोठ्या पोरांपासून दोर वाचवायला ही भीती बरी आहे.

धुणं रोजचं. मुताचा वास कापडात मुरला की जात नाही, म्हणून आधी नुसत्या पाण्यात, मग साबणात, मग कडक उन्हात. एक अंगावर, एक दोरीवर. पावसाळ्यात सातपुड्यात ऊनच नसतं. तेव्हा चुलीच्या वर वाळवतात आणि मूल दिवसभर धुराच्या वासात झोपतं. अलीकडे अडचण वेगळीच झाली आहे. सुती लुगडं नेसणाऱ्या बायकाच कमी झाल्या. बाजारातली पातळं बहुतेक सिंथेटिक. ती गाठीत सरकतात, आणि आमच्या उन्हाळ्यात, पारा चाळिशीच्या वर गेला की, आत बाळ उकडून निघतं. आजीच्या पेटीतल्या दोन लुगड्यांवर तीन नातसुनांचा डोळा असतो तो काही उगाच नाही.

मूल अंगाशी बांधायच्या या जुन्या गोष्टीला शास्त्रानं उशिरा मान दिला. १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात इन्क्युबेटर पुरेनात, तेव्हा डॉ. एडगार रे यांनी कमी वजनाची बाळं आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवायला सुरुवात केली. त्यालाच आज दवाखान्यात ‘कांगारू मदर केअर’ म्हणतात. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या, भारतासह पाच देशांतल्या चाचणीत असं दिसलं, की १ ते १.८ किलो वजनाची बाळं प्रकृती स्थिरावण्याची वाट न पाहता जन्मानंतर लगेच अशी ठेवली, तर पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू सुमारे २५ टक्क्यांनी कमी होतात. कुपोषणासाठी ज्याचं नाव पेपरात येतं त्या आमच्या जिल्ह्याला हा आकडा नुसता वाचून सोडता येत नाही.

महाराष्ट्राला एकच झोळी आदरानं आठवते. पुण्यात जंगली महाराज रस्त्यावर झाशीच्या राणीचा घोड्यावरचा पुतळा आहे, पाठीला मूल बांधलेलं. शाळेच्या सहलीत सगळ्यांनी मान वर करून तो पाहिलेला असतो. दिवाळीनंतर नंदुरबारहून गुजरातेत ऊसतोडीला जाणाऱ्या बाईच्या पाठीवरही तीच गाठ असते. तिच्याकडे मान वर करावी लागत नाही. आपण बघतच नाही. फडात ती झोळी गाडीच्या दांड्याला किंवा बांधावरच्या झाडाला टांगते आणि सरी संपली की मागं वळून बघते. पाचट उचलताना तिचा एक कान झोळीकडे असतो. रोजगार हमीच्या २००५च्या केंद्रीय कायद्यात कामावर पाच किंवा जास्त लहान मुलं असतील तर त्यांना सांभाळायला एका मजूर बाईला मजुरी देऊन नेमायची तरतूद होती. मी ज्या कामांवर गेले तिथं ती बाई मला दिसली नाही, झाड दिसलं. म्हणून झोळीचं कौतुक करताना मी जरा बिचकते. आईला मूल जवळ हवंच असतं, पण दुसरीकडे ठेवायला जागाच नाही हीही गोष्ट त्या गाठीत आहे.

आणि मोठ्यांची झोळी. रस्ता न पोचलेल्या पाड्यातून बाळंतीण होणाऱ्या बाईला न्यायचं तर बांबूला चादर दोन्ही टोकांना बांधतात. पुढं-मागं माणसं, खांदे बदलत, नाले ओलांडत सडकेपर्यंत, जिथं अँब्युलन्स उभी असेल. नर्मदाकाठच्या गावांसाठी तरंगता दवाखाना आहे, पण डोंगराच्या पोटातल्या पाड्यांना आधी पाण्यापर्यंत उतरावं लागतं. ही गाठही निरगाठच असते आणि बांधणारे हात तेच असतात. या झोळीची निगा मात्र कुणी शिकू नये, असं मला वाटतं.

जाताना अशी खांद्यांवरून गेलेली बाई परत येते तेव्हा अँब्युलन्स तिला सडकेवरच उतरवते. पुढचा चढ ती चालत चढते, कारण परतीला चादर धरायला माणसं जमत नाहीत. बाळाला बांधायचं लुगडं सासूनं आधीच धुऊन, वाळवून, उन्हाकडे धरून बघून पिशवीत घालून दिलेलं असतं.