८३० किलोंची टिपणी

चवथीला भाचा घरी आला होता. फर्मागुडीला मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकतो. दुपारची जेवणे आटोपली, मी माटोळीखाली जरा आडवा झालो होतो, तेवढ्यात त्याने मोबाइल माझ्या कानाशी आणला. म्हणाला, "मामा, बघू नकोस, नुसते ऐक."

ऐकले. पहिल्यांदा वाटले की कुणीतरी पत्रा कापतो आहे. मग तो आवाज चढत गेला, चढत चढत अशा ठिकाणी पोचला की पुढे आता काहीतरी फुटणार असे वाटावे, आणि तिथून खटकन खाली येऊन पुन्हा चढू लागला. गाडीचा आवाज म्हटला की आपल्या कानात एक घरघर असते. इथे घरघर नव्हतीच, सलग किंकाळी होती. शेजारच्या खोलीतून आई म्हणाली, "ते बंद करा रे, गणपती आहे घरात."

तर ती गाडी म्हणजे माझदा ७८७बी, आणि किंचाळत होते ते तिचे आर२६बी नावाचे इंजिन. फ्रान्समध्ये ल मान या गावी दरवर्षी चोवीस तासांची मोटारशर्यत होते. एका गाडीला तीन चालक, पाळीपाळीने चालवायचे, रात्र असो की पाऊस. १९९१ साली जून महिन्यात ही शर्यत ७८७बीने जिंकली. जपानी कंपनीने ती जिंकण्याची ही पहिलीच वेळ. दुसऱ्या जपानी कंपनीला, म्हणजे टोयोटाला, त्यासाठी २०१८ साल उजाडावे लागले.

हे सगळे सांगून झाल्यावर भाचा सहज म्हणाला, "पण मामा, खरे सांगायचे तर सवलतीवर जिंकले. मर्सिडीज, जग्वारला किमान वजन १००० किलो, आणि यांना ८३०. १७० किलोंची सूट मिळाल्यावर कोण नाही जिंकणार?"

तो बोलून गेला, पण मला ते लागले. मी सरकारी कारकून. अर्ज नियमात बसत नसेल तर नियमातले कुठले कलम त्याला आधार देते ते शोधायचे, टिपणी लिहायची आणि फाइल वर पाठवायची, यात माझी वीस वर्षे गेली. लोकांना ती लबाडी वाटते. मला कधी वाटली नाही, पण ते कुणाला पटवूनही देता आले नाही. म्हणून मी या गाडीच्या मागे लागलो. पुढचे दोन महिने कार्यालयातून घरी आल्यावर तेच वाचत होतो. कला शाखेच्या माणसाने इंजिनावर लिहू नये हे मला ठाऊक आहे, पण असो.

आधी ते इंजिन. साध्या इंजिनात दट्ट्या वर-खाली होतो. याच्यात दट्ट्याच नाही. आमच्या मागच्या दारी जुना दगडी रगडा आहे. खळग्यात दगड फिरतो, फिरताना एका अंगाने भिंतीला टेकतो आणि दुसऱ्या अंगाला मोकळी जागा सोडतो. रोटरी इंजिन मी असे समजून घेतले. फुगीर बाजूंचा एक त्रिकोण, कोशासारख्या लांबट पोकळीत फिरणारा. त्याची तिन्ही टोके सतत भिंतीला चिकटलेली. त्यामुळे तीन कप्पे होतात आणि ते लहानमोठे होत राहतात. हवा आत घेणे, दाबणे, पेटवणे, बाहेर टाकणे, सगळे फिरता फिरता होते. कल्पना फेलिक्स वँकेल या जर्मन माणसाची.

ती विकत घेतली हिरोशिमातल्या तोयो कोग्यो या कंपनीने, म्हणजे आजच्या माझदाने. १९२० साली बुचाचा कारखाना म्हणून तिची सुरुवात झाली होती. १९४५ साली बॉम्ब पडला तेव्हा कारखाना मधल्या टेकडीच्या आडोशामुळे बऱ्यापैकी वाचला, आणि शहरातली कार्यालये नष्ट झाल्यामुळे प्रांताचे सरकारी काम काही काळ तिथूनच चालले. मोटारींच्या इतिहासात हे वाक्य कुणाच्या लक्षात राहणार नाही. माझ्या मात्र राहिले. आपले दप्तर कुणाच्या तरी कारखान्यात मांडून बसलेले ते कारकून मला दिसत राहिले.

१९६१ साली जर्मनीच्या एनएसयू कंपनीशी करार झाला. पुढे केनिची यामामोतो यांच्या हाताखाली ४७ इंजिनिअर या एकाच कामाला बसवले गेले. अडचण त्या त्रिकोणाच्या टोकांची होती. टोकांवरच्या पट्ट्या भिंतीवर घासून ओरखडे काढत. त्या ओरखड्यांना त्यांनी सैतानाच्या नखांचे नाव दिले होते. कार्बनमध्ये ॲल्युमिनियम मुरवून नवी पट्टी केली तेव्हा तो सैतान गेला, आणि १९६७ साली कॉस्मो स्पोर्ट ही गाडी बाजारात आली.

ल मानला यांचे इंजिन पहिल्यांदा उतरले १९७० साली. त्यानंतर एकवीस वर्षे. १९९० साली ७८७ या नव्या गाड्या दोन नेल्या, दोन्ही अर्ध्यावर बंद पडल्या.

आता ती टिपणी. माझदाच्या शर्यतीच्या संघाचे प्रमुख होते ताकायोशी ओहाशी. १९९१ साठी नियम बदलत होते. नव्या साडेतीन लिटर इंजिनाच्या गाड्यांना पुढे आणायचे म्हणून जुन्या प्रकारच्या गाड्यांवर १००० किलोंचे ओझे आणि चोवीस तासांत २५५० लिटर इंधनाची मर्यादा. ओहाशींनी फिसा या नियामक संस्थेकडे रदबदली केली आणि रोटरीसाठी ८३० किलो मान्य करून घेतले. इतरांनी फारशी खळखळ केली नाही, कारण माझदाला स्पर्धक म्हणून कुणी मोजतच नव्हते. मला या सगळ्या हकिकतीतला हाच भाग सर्वांत आवडतो. ज्याची कुणाला भीती नाही, त्याच्या फाइलवर सही लवकर होते.

वजन कमी म्हणजे इंधन कमी, टायर कमी झिजणार, ब्रेक कमी तापणार. पण सूट कागदावर मिळते, गाडी प्रत्यक्षात हलकी करावी लागते. नायजेल स्ट्राउड यांनी तिचा सांगाडा कार्बन आणि केव्हलारचा आखला. इंजिनात चार रोटर, प्रत्येकी ६५४ सीसी, एकूण २६१६. दर रोटरला तीन स्पार्कप्लग. हवा आत घेणाऱ्या नळ्या वेगाप्रमाणे चालू गाडीत लांब-आखूड होत. ९००० फेऱ्यांना साधारण ७०० अश्वशक्ती. टोकांच्या पट्ट्या आता सिरॅमिकच्या.

५५ क्रमांकाची नारिंगी-हिरवी गाडी १९व्या जागेवरून सुटली. चालक फोल्कर वाइडलर, जॉनी हर्बर्ट आणि बेर्त्रां गाशो. इंधन जपत इतर गाड्या मन मारून धावत होत्या, ही मात्र ठरवलेल्या वेगाने फेऱ्या मारत राहिली. आघाडीवरच्या मर्सिडीजचे इंजिन रविवारी दुपारी तापले, कारण एक ब्रॅकेट तुटला. शेवटचे तीनेक तास उरले असताना माझदा पुढे गेली. तिच्या ३६२ फेऱ्या झाल्या, म्हणजे सुमारे ४९२३ किलोमीटर. मागून तीन जग्वार, पहिली दोन फेऱ्या मागे. मी हिशेब करून पाहिला: मर्यादेतले सगळे इंधन जाळले असे धरले तरी लिटरला जेमतेम १.९३ किलोमीटर पडतात. माझी स्कूटर यापेक्षा बरी!

हर्बर्टला शेवटी उतरू दिले नाही, तूच संपव म्हणून सांगितले. त्याने संपवली, गाडीतून बाहेर आला आणि कोसळला. शरीरातले पाणी संपले होते. मंचावर त्याचे दोन साथीदार गेले, तो दवाखान्यात. २०११ साली विसाव्या वर्षी माझदाने तीच गाडी ल मानला आणली, हर्बर्टने ती चालवली आणि मग तो मंचावर चढला. आणि योजिरो तेरादा? तो १९७४ पासून तिथे धावत होता. १९९१ साली तो माझदाच्याच दुसऱ्या गाडीत होता आणि आठवा आला. एकूण २९ वेळा उतरला, पहिला नंबर कधीच नाही. त्याच्याबद्दल वाचून मी काही वेळ पुढे वाचू शकलो नाही.

लोक सांगतात, जिंकली म्हणून रोटरीवर बंदी आली. तसे नाही. साडेतीन लिटरच्या दट्ट्याच्या इंजिनांचा नियम आधीच ठरला होता, आणि ओहाशींनी मिळवलेली सवलत ही शेवटच्या वर्षाची होती. १९९२ साली माझदा दुसऱ्याचे व्ही-१० इंजिन घेऊन आली आणि चौथी राहिली. ती नवी नियमावली करणारी जागतिक स्पर्धा मात्र त्याच वर्षाअखेर बंद पडली. रोटरी पुढे आरएक्स-८ पर्यंत, म्हणजे २०१२ पर्यंत, रस्त्यावर टिकले, आणि २०२३ साली विजेच्या गाडीला चार्ज पुरवणारे छोटे इंजिन म्हणून परतले.

गेल्या आठवड्यात भाच्याला फोन करून हे सगळे ऐकवले. नियम आधी छापलेला होता, सर्वांना ठाऊक होता, हरकत घ्यायची मुभा होती, आणि १७० किलोंची सूट काही चोवीस तास इंजिन चालवून देत नाही. त्याने शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाला, "आणि १००० किलो असते तर?"

मी थोडा वेळ गप्प बसलो. "तर बहुधा हरले असते," मी म्हटले.

"मग?"

दिवाळीला ये, म्हटले, तेव्हा बोलू. येताना तो आवाज मोठ्या स्पीकरवर लावायची सोय करून आण. आईला मी सांभाळतो.