कपातीचा हिशेब

अंगुत्तर निकायात तथागतांनी अनाथपिंडिकास गृहस्थाची चार सुखे सांगितली आहेत. त्यांत ‘आनण्यसुख’, म्हणजे ऋणमुक्तीचे सुख, स्वतंत्रपणे गणले आहे. इतिहास शिकविताना आम्ही राजामहाराजांच्या खजिन्यांविषयी पुष्कळ बोललो. या सुखाचा अर्थ मात्र आम्हांस स्वतःच्या पगारपत्रकाने शिकविला.

आमचे वडील हिंगणीच्या शिवारात सालदार होते. गुढीपाडव्याला साल ठरे. आजारपणाला, लग्नकार्याला मालकाकडून उचल घ्यावी लागे आणि ती मजुरीतून कापली जाई. किती घेतले, किती फिटले, हे मालकाच्या वहीत असे. वडिलांना अक्षरओळख नव्हती. उरलेल्या उचलीपोटी पुढचे साल आपोआप बांधले जाई. म्हणूनच मुलीच्या बी. एस्सी. नर्सिंगसाठी शैक्षणिक कर्ज काढण्याचे ठरले, तेव्हा आमची वृद्ध आई एवढेच म्हणाली, “पुन्हा कपातच का रे?”

तिला आम्ही बाबासाहेबांचे उदाहरण सांगितले. 1913 मध्ये ते बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले, ते संस्थानची 10 वर्षे नोकरी करण्याच्या करारावर. 1917 मध्ये तो करार पाळण्यासाठी ते बडोद्यास गेले. परंतु अस्पृश्य म्हणून राहण्यास जागा मिळेना, आणि त्यांना परतावे लागले. 1918 मध्ये सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी मिळताच त्यांनी पगारातून काटकसरीने शिल्लक टाकली. तिला शाहू महाराजांचे साहाय्य व नवल भथेना या मित्राकडील कर्जाची जोड देऊन 1920 मध्ये ते अपुरे शिक्षण पूर्ण करण्यास लंडनला गेले. विद्येसाठी ऋण काढणे ही गुलामी नव्हे. त्या ऋणाचा हिशेब दुसऱ्याच्याच हाती असणे ही गुलामी होय.

मुलीचे शिक्षण संपून परतफेड सुरू झाली, तेव्हा मुद्दल 4 लाख रुपये होते. 10 टक्के व्याज धरल्यास 10 वर्षांच्या मुदतीत मासिक हप्ता सुमारे 5,286 रुपये येतो आणि एकूण व्याज सुमारे 2 लाख 34 हजार होते. तेच कर्ज 5 वर्षांत फेडावयाचे तर हप्ता सुमारे 8,500 रुपये होतो, परंतु व्याज 1 लाख 10 हजारांवर थांबते. दरमहा 3,200 रुपये अधिक दिल्याने सव्वा लाखाच्या आसपास वाचतात. आम्ही दुसरा मार्ग स्वीकारला. मुख्याध्यापकांच्या हमीपत्रावर भविष्य निर्वाह निधी व व्यवसाय कर यांच्याखाली कर्जाच्या हप्त्याची ओळ आली. जो पैसा हाती येतच नाही, तो खर्चही होत नाही.

सहकारी म्हणत, “सर, आयकराच्या कलम 80ई खाली व्याजावर 8 वर्षे वजावट मिळते, घाई कशाला?” युक्तिवाद अर्धाच खरा होता. वजावटीने व्याजाचा काही अंशच परत येतो. उरलेले व्याज जाते ते जातेच. शिवाय कर्ज मुलीच्याही नावावर होते. तिने पहिल्या मिळेल त्या नोकरीला केवळ हप्त्यापायी बांधून घ्यावे, हे आम्हांस मान्य नव्हते. 2020 मध्ये साथीच्या काळात रिझर्व्ह बँकेने हप्ते लांबणीवर टाकण्याची मुभा दिली. व्याज मात्र चालूच राहणार होते. मुलगी तेव्हा रुग्णालयात रात्रपाळ्या करीत होती. आम्ही कपात थांबविली नाही.

पाच वर्षांनी बँकेकडून बेबाकी दाखला मिळाला. आईला तो वाचून दाखविला. तिने विचारले, “आता आपल्या पोरीवर कोणाची उचल नाही ना?” आम्ही ‘नाही’ म्हणालो, तेव्हा तिने तो कागद वडिलांच्या तसबिरीमागे ठेवण्यास सांगितले.

या वसतिगृहातून उद्या उच्च शिक्षणास जाणाऱ्या विद्यार्थी मित्रांनो, कर्जाला भिऊन शिक्षण सोडू नका. करारपत्राची प्रत्येक ओळ वाचा, दरवर्षी खाते-उतारा मागा, जादा भरलेली रक्कम मुद्दलात जमा झाली की नाही हे तपासा आणि शेवटी दाखला हाती घेतल्याखेरीज बँकेची पायरी उतरू नका. तुमच्या आजोबांना जी वही वाचता येत नव्हती, ती तुम्ही वाचू शकता. बँकेचे ऋण मुदतीपूर्वी फेडता येते. ज्या समाजाने मूठमूठ धान्य जमवून ही शाळा उभी केली, त्याचे मात्र आयुष्यभर थोडे थोडे फेडीत राहावे.