कोपऱ्यावरचा पत्ता

सॅन होजेच्या महापौरांचा मेल आला की मी तो उघडून वाचते. मुंबईत वाढलेल्या माणसाला महापौर आपल्याला पत्र लिहितो याचंच आधी अप्रूप असतं. आमच्या लहानपणी महापौर दिसायचे ते कोनशिलेवर आणि गणपतीच्या दिवसांत बॅनरवर. रस्ते, पाणी, कचरा हा सगळा कारभार १८८८च्या कायद्यानुसार आयुक्तांच्या हातात आणि आयुक्तांना नेमणार राज्य सरकार. मार्च २०२२ मध्ये पालिकेची मुदत संपली आणि पुढची जवळपास चार वर्षं मुंबईला महापौरच नव्हता. त्या काळात आई फोनवर पाण्याच्या वेळेबद्दल बोलली, खोदून ठेवलेल्या रस्त्याबद्दल तर रोज बोलली, पण महापौर नाही अशी तक्रार तिनं एकदाही केली नाही.

तसं पाहिलं तर सॅन होजेच्या महापौरालाही फार अधिकार नाहीत. कौन्सिलच्या अकरा मतांपैकी एक मत त्याचं. रोजचं प्रशासन कौन्सिलनं नेमलेले सिटी मॅनेजर चालवतात. पण महापौर थेट लोकांनी निवडलेला असतो, त्यामुळे सुमारे दहा लाख माणसांना त्याला सतत हिशोब द्यावा लागतो. मॅट महान जानेवारी २०२३ मध्ये महापौर झाले, तेव्हापासून या हिशोबात दोन गोष्टी हमखास असतात: शहराच्या मूलभूत सोयी आणि बेघर माणसं. खड्डे, रस्त्यावरचे दिवे, भिंतींवरचे रंगाचे फराटे, कोणीतरी रात्री आणून टाकलेल्या गाद्या, आणि त्याच ओघात ओढ्याकाठचे तंबू.

मी मात्र 'रहिवासी' या शब्दापाशीच अडते. पत्र शहराच्या रहिवाशांना लिहिलेलं असतं. पण ज्यांच्याविषयी त्यात इतकं लिहिलंय, ती पुलाखालची माणसं या शब्दात धरली आहेत का? पत्र त्यांना आहे, की फक्त त्यांच्याबद्दल?

२०२३ मध्ये शहरानं एक प्रयोग सुरू केला. पालिकेच्या गाडीवर कॅमेरे लावायचे, गाडी गल्लोगल्ली फिरवायची आणि चित्रांतून वस्तू ओळखायला कॉम्प्युटरला शिकवायचं. काय ओळखायचं? खड्डा. रस्त्यात टाकलेला कचरा. सायकलच्या लेनमध्ये उभी केलेली गाडी. आणि जिच्यात कोणी राहतंय अशी गाडी. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते, अशा याद्या आम्हीही बनवतो. यादीतल्या ओळी एकाखाली एक येतात आणि कॉम्प्युटरला त्या सारख्याच असतात. तरी ही यादी वाचून मी थोडा वेळ थांबले. गाडीत माणूस राहतोय हे कशावरून कळतं? काचेला आतून लावलेल्या पुठ्ठ्यावरून, टपावर बांधलेल्या ताडपत्रीवरून. म्हणजे थंडीपासून आणि लोकांच्या नजरेपासून वाचण्यासाठी त्या माणसानं जे केलं, नेमकं तेच कॅमेऱ्याच्या नजरेत भरणार.

पण एवढ्यावर थांबलं तर महापौरांवर अन्याय होईल. त्यांचा मुद्दा समजून घ्यायला हवा.

कायोटी क्रीकच्या काठी, स्टोरी रोडजवळ, ६८ एकरांवर एक वस्ती होती. लोक तिला 'द जंगल' म्हणत. अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या बेघर वस्त्यांपैकी ती एक. ४ डिसेंबर २०१४ला ती उठवली. माणसं पांगली, त्यातली बरीच त्याच ओढ्याच्या वरच्या आणि खालच्या अंगाला जाऊन राहिली. त्यानंतर शहरानं पक्क्या परवडणाऱ्या घरांवर भर दिला. मार्च २०२० मध्ये महागड्या मालमत्तांच्या खरेदी-विक्रीवर एक करही मतदारांनी मंजूर केला. पण अशा एका घराचा खर्च आठ-नऊ लाख डॉलरवर गेला आणि बांधायला वर्षानुवर्षं लागू लागली. महानांचं म्हणणं असं की तोवर माणसानं ओढ्यातच राहायचं का? त्यापेक्षा झटपट उभ्या राहणाऱ्या छोट्या खोल्या बांधू. खोली लहान, पण दाराला कुलूप, जवळ संडास-बाथरूम, आणि पुढच्या घराची खटपट करायला मदतीला माणूस. म्हणून त्या कराचा मोठा वाटा त्यांनी पक्क्या घरांकडून अशा तात्पुरत्या निवाऱ्यांकडे वळवून घेतला.

आकडे त्यांच्या बाजूनं बोलतात आणि बोलत नाहीतही. २०२२च्या मोजणीत शहरात ६,६५० बेघर माणसं होती, २०२३ मध्ये ६,२६६ आणि २०२५ मध्ये पुन्हा साडेसहा हजारांच्या आसपास. एकूण आकडा तिथल्या तिथे. पण उघड्यावर, म्हणजे तंबूत, गाडीत किंवा पुलाखाली झोपणारी माणसं २०२२ मध्ये पाच हजारांच्या जवळ होती, ती २०२५ मध्ये चार हजारांच्या आत आली. हजारएक माणसांना रात्री लावायला दार मिळालं, हे कमी नाही. मात्र एका बाजूनं माणसं आत जातात आणि दुसऱ्या बाजूनं तितकीच नवी रस्त्यावर येतात. ती का येतात, हे पाहायला मला फार लांब जावं लागत नाही. २०१९ मधल्या एका हिशोबानुसार या शहरात राहण्यासाठी राखलेल्या जमिनीपैकी ९४ टक्के जमिनीवर एका कुटुंबासाठी एकच सुटं घर बांधायची परवानगी होती. आम्ही पुण्या-मुंबईहून, हैदराबादहून, जगभरातून नोकऱ्यांसाठी इथे आलो. नोकऱ्या हजारोंनी वाढल्या, घरं त्या मानानं वाढली नाहीत, आणि भाडं आमच्या पगाराच्या मागे धावत वर गेलं. ज्यांचा पगार धावला नाही ते मागे राहिले.

अशाच झटपट खोल्यांचा एक प्रस्ताव आमच्या वस्तीपासून पाऊण मैलावर आला, तेव्हा आमचा व्हॉट्सॅप ग्रुप पेटला. एरवी तिथे मोदकांचे साचे आणि शाळांचे रँकिंग चालतात. त्या आठवड्यात विरोधाचा अर्ज फिरत होता. माझी एक मैत्रीण, मूळची नाशिकची, तिनं तो मला स्वतंत्रपणे पाठवला. ती दुष्ट नाही. ती त्या ओढ्याकाठच्या वाटेवर पळायला जाते. तिथे तिला सुया सापडल्या आहेत, पुलाखाली लागलेली आग तिनं पाहिली आहे. ही भीती खरी आहे.

"तुझी मुलगी त्याच रस्त्यानं शाळेत जाते ना?" तिनं फोनवर विचारलं.

"जाते. आणि ती माणसं आत्ताही त्याच रस्त्यावर आहेत," मी म्हटलं. "खोल्या झाल्या तर निदान त्यांना दार मिळेल. संडास मिळेल."

"सगळ्या शहराचे इथेच का आणायचे पण? दुसरीकडे जागा नाही?"

"दुसरीकडच्या लोकांचाही ग्रुप असेल अगं."

ती हसली नाही. मी सही केली नाही. आमचं बोलणं चालू आहे, पण हा विषय दोघीही काढत नाही.

खोल्यांची दुसरी बाजूही त्या फोनवर सांगायला हवी होती, पण तेवढा वेळ मिळाला नाही. २८ जून २०२४ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ग्रँट्स पास खटल्यात ठरवलं की सार्वजनिक जागेत झोपण्याबद्दल शहरांना शिक्षा करता येईल, निवाऱ्यात जागा नसली तरीही. पुढच्या वर्षी जूनमध्ये आमच्या कौन्सिलनं नियम कडक केले: देऊ केलेली जागा वारंवार नाकारली तर पुढे पोलीस कारवाईची वाट मोकळी. जागा देतोय, तर या, असं शहराचं म्हणणं. पण बाहेरच्या माणसांच्या मानानं खाटा अजून कमीच आहेत.

हे वाचताना मला दादरची आजीची चाळ आठवते. समोरच्या फुटपाथवर एक कुटुंब राहायचं, बाई पहाटे फुलं आणून गजरे करायची. महिन्या-दोन महिन्यांनी कोणीतरी ओरडायचं, "गाडी आली!" मग पालिकेची गाडी कोपऱ्यावर वळायच्या आत भांडी, गोधड्या, स्टोव्ह, सगळं एका बोचक्यात बांधून आमच्या जिन्याखाली यायचं. तासाभरानं बोचकं परत फुटपाथवर. कोणी कोणाला विचारायचं नाही. हे सांगताना डोळे पाणावून घेण्यात अर्थ नाही, कारण पुढे जिन्याला लोखंडी दार लावायचा ठराव झाला आणि त्याला माझ्या आजोबांचं अनुमोदन होतं. 'रहिवाशांच्या सुरक्षिततेसाठी' असे शब्द त्या ठरावात होते.

त्या बाईला रहिवासी म्हणायचं का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन आला होता. १९८१च्या ऐन पावसाळ्यात अंतुले सरकारनं मुंबईतल्या फुटपाथवासीयांना हाकलायचं ठरवलं, त्याविरुद्ध पत्रकार ओल्गा टेलिस आणि इतर कोर्टात गेले. जुलै १९८५च्या निकालात न्यायालयानं मान्य केलं की ही माणसं तिथे राहतात कारण त्यांचं काम तिथेच आहे. जागा हिरावली तर पोट हिरावेल, आणि उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. पण त्याच निकालात हेही म्हटलं की फुटपाथ चालणाऱ्यांसाठी आहे आणि रीतसर नोटीस देऊन तो मोकळा करता येईल. पुढे २०१०मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मोठ्या शहरांना लाख लोकसंख्येमागे किमान एक निवारा उभारायला सांगितलं. त्या हिशोबानं मुंबईत सव्वाशेच्या आसपास निवारे हवेत. मुंबई त्याच्या जवळपासही पोचलेली नाही.

माणसं मोजायला मात्र दोन्हीकडची सरकारं येतात, आणि अंधारात येतात. भारताच्या २०११च्या जनगणनेत बेघरांची मोजणी २८ फेब्रुवारीच्या रात्री झाली. देशात १७.७ लाख, एकट्या बृहन्मुंबईत सुमारे ५७ हजार. अमेरिकेत ही मोजणी जानेवारीच्या शेवटच्या दहा दिवसांत करायची असते. २०२५च्या मोजणीला मी स्वयंसेवक म्हणून गेले. उजाडायच्या आत, हातात फोन, फोनवर ॲप, आणि सोबत वाट दाखवायला एक बाई. ती दोन वर्षं स्वतःच्या व्हॅनमध्ये राहिली होती, आता अशाच एका छोट्या खोलीत राहत होती. कोणाला उठवायचं नाही, तंबूत डोकवायचं नाही, दिसेल ते नोंदवायचं. तंबू. गाडी. एकटा माणूस.

एका रिकाम्या जागेपाशी ती थांबली. फुटपाथच्या कडेला तेलाचा डाग होता, बाकी काही नाही.

"इथे एक जण राहते," ती म्हणाली. "नोंदव."

"गाडी नाहीये पण."

"कशी असेल? ती पाचच्या आधी निघते. बेकरीत कामाला आहे."

मी ॲपमध्ये शोधलं. रिकाम्या जागेसाठी पर्याय नव्हता. कामावर गेल्यामुळे ती बेकरीतली बाई त्या वर्षीच्या मोजणीत आली नाही. शहराचे आकडे मी अजूनही वाचते आणि अजूनही मानते, कारण आकड्यांशिवाय कोणी पैसे देत नाही. पण आता आकडा वाचला की तो तेलाचा डाग आठवतो.

परत येताना मी तिला विचारलं की व्हॅनमध्ये होती तेव्हा मतदान करता यायचं का. तिला प्रश्नाचं नवल वाटलं. "म्हणजे काय! फॉर्म भरला की झालं."

कॅलिफोर्नियात ज्याला घर नाही त्यानं मतदार नोंदणीच्या फॉर्मवर आपण जिथे झोपतो त्या जागेचं वर्णन करायचं, जवळच्या दोन रस्त्यांची नावं लिहायची. तेवढं पुरतं. भारतातही निवडणूक आयोगाचा जवळजवळ तसाच नियम आहे. बेघर माणसानं फॉर्म ६ भरला तर त्याला पत्त्याचा कागद मागत नाहीत. मतदान केंद्राचा अधिकारी रात्री त्या जागी जातो आणि हा माणूस इथे खरोखर झोपतो का हे पाहतो. तिथे त्यानं झोपलेलं असणं हाच पुरावा. दादरच्या त्या फुलवालीला हे कोणी सांगितलं होतं की नाही, कोण जाणे. आमच्या चाळीत हा नियम कोणाच्या कानावर आलेला नव्हता.

माझ्यासोबतच्या बाईनं दोन रस्त्यांची नावं सांगितली. मतपत्रिका पोस्टानं तिच्या बहिणीकडे यायची, ती जाऊन घेऊन यायची. दोन्ही रस्ते माझ्या रोजच्या वाटेवरचे होते. कोपऱ्यावर टायरचं दुकान आहे, समोर बसस्टॉप. मी तिथून शेकडो वेळा गेले असेन. दोन वर्षं शहराच्या मतदार यादीत तो कोपरा तिचा पत्ता होता.