मंगळवेढ्याचा टाळ आणि घरातला मोबाइल

पंढरपूरपासून सुमारे २५ किलोमीटरवर मंगळवेढा आहे. हिवाळ्यात या वाटेने जाताना काळ्या रानात शाळू डोलताना दिसतो. येथील ज्वारीला भौगोलिक मानांकनही लाभले आहे. दुष्काळात कोठारे खुली करणारे दामाजीपंत, येथे जन्मलेली कान्होपात्रा आणि येथेच कोसळलेल्या भिंतीखाली देह ठेवलेले चोखोबा यांच्यामुळे ही संतभूमी ठरली.

ढिगाऱ्यातील चोखोबांच्या अस्थी नामदेवांनी त्यांतून उमटणाऱ्या विठ्ठलनामावरून ओळखल्या, अशी आख्यायिका आहे. वैद्यकीय व्यवसायात ही कथा वारंवार आठवते. पक्षाघाताने वाचा गेलेल्या काही वृद्धांना ‘पाणी’ एवढा शब्दही उच्चारता येत नाही. पण जन्मभर गायिलेला अभंग ते शब्दांसह म्हणतात. बोलण्याची केंद्रे बहुतेकांच्या मेंदूत डाव्या बाजूस असतात. गाताना उजवी बाजूही साहाय्यास येते. याच निरीक्षणावर १९७३ साली बोस्टनमधील संशोधकांनी सुरांच्या आधारे बोलणे शिकविण्याची पद्धत मांडली.

सुराचे जे, तेच तालाचे. वारकऱ्यांची पावली पाहावी: टाळ वाजतो आणि पाऊल त्याच्या ठेक्यावर आपोआप पडते. पक्षाघात किंवा कंपवातामुळे अडखळणाऱ्या पावलाला असाच बाहेरचा ठेका आधार देतो. मेंदूच्या इजेनंतरच्या संगीतोपचारांवरील २९ चाचण्यांचा कॉक्रेन आढावा २०१७ साली प्रसिद्ध झाला. तालबद्ध सरावाने चालण्याचा वेग व पावलाची लांबी सुधारू शकते, असे त्यात आढळले.

हा ठेका आता घरातल्या मोबाइलवरही मिळतो. फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने आजोबा एका मिनिटात किती पावले टाकतात ते मोजावे. मेट्रोनोम ॲपवर तेवढेच ठोके लावावेत आणि चालणे स्थिरावल्यावरच थोडे वाढवावेत. मोबाइल मेजावर असावा, आजोबांच्या हाती नव्हे. सोबत्याने दुर्बल बाजूस, किंचित मागे उभे राहावे. चक्कर, धाप किंवा छातीत दुखणे जाणवताच थांबावे.

हातासाठी टॅबलेटवरील पेटी किंवा तबल्याचे ॲप उपयोगी पडते. दुर्बल बोट पडद्याला टेकताच सूर उमटतो आणि प्रयत्न साधल्याची पावती त्या क्षणी मिळते. मेंदूला नव्याने शिकण्यासाठी हवी असते ती हीच पुनरावृत्ती. हाताची पकड सुधारू लागली की खरे टाळ द्यावेत. त्यांना दोन्ही हात लागतात.

पक्षाघातानंतरचे पहिले काही महिने सुधारणेच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे. नेमके तेव्हाच ‘त्यांना त्रास नको’ म्हणून मायेने वृद्धांना कोपऱ्यातल्या खाटेवर बसविले जाते आणि शेजारी भजनाची ध्वनिफीत लावली जाते. तिने मन रमेल. पण हात, पाय आणि वाचा यांना स्वतः काम करावे लागते. आजोबांना भजन केवळ ऐकवू नये, त्यांना भजनात बसवावे.